रत्नागिरी शहरातील पर्यटन

रत्नागिरी हे महाराष्ट्राच्या कोकण विभागातील एक किनारी शहर असून रत्नागिरी जिल्ह्याचे मुख्यालय आहे. शहराच्या पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस काजळी नदीची भाट्ये खाडी आणि उत्तरेस मिऱ्या डोंगर आहे. पूर्वेस जांभ्या दगडाचे सडे टप्प्याटप्प्याने चढत सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत गेले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ७६ हजार होती. काळ्या व पांढऱ्या वाळूचे किनारे, रत्नदुर्ग किल्ला, ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी बांधलेला थिबा राजवाडा, लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान, पतितपावन मंदिर आणि हापूस आंबा ही या शहराची प्रमुख आकर्षणे होत.

कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील रहिवाशांना रत्नागिरी हा सर्वांत सोयीचा समुद्रकिनारा आहे. कोल्हापूरपासून आंबा घाटमार्गे हे शहर सुमारे १३० किलोमीटर आणि शिरोळपासून सुमारे पावणेदोनशे किलोमीटर अंतरावर आहे. रत्नागिरीहून निघून कोल्हापूर, मिरज व सोलापूरमार्गे विदर्भाकडे जाणारा महामार्ग शिरोळ तालुक्यातील जयसिंगपूर व उदगाव परिसरातून जातो. त्यामुळे ऊसपट्ट्यातील या भागातून समुद्रापर्यंतचा प्रवास जवळजवळ एकाच रस्त्याने होतो.

भौगोलिक स्थिती

रत्नागिरीचा भूभाग एकसारखा सपाट नाही. किनाऱ्यालगत नारळ-पोफळींची आगरे व मासेमारांच्या वस्त्या, त्यावर चढावर वसलेल्या आळ्या व पाखाड्या, आणि सर्वांत वर उघडा कातळ असलेला सडा अशी शहराची रचना आहे. जिल्हाधिकारी कार्यालय, रेल्वे स्थानकाकडे जाणारा रस्ता व नव्या वसाहती सड्यावर आहेत, तर जुने शहर उतारावर आहे. घरे, कुंपणाचे गडगे आणि विहिरी यांसाठी जांभ्याचे चिरे वापरण्याची पद्धत असल्याने जुन्या वस्त्यांना तांबूस रंग आलेला दिसतो.

शहराला वेढणारे डोंगर समुद्राजवळ फार उंच नाहीत. खरा अडसर सह्याद्रीचा असून तो शहराच्या पूर्वेस पन्नास-साठ किलोमीटरवर उभा आहे. आंबा घाटाचा माथा हा पाण्याचा दुभाजक आहे. माथ्याच्या पश्चिमेस पडलेला पाऊस काजळी नदीवाटे शंभर किलोमीटरच्या आतच भाट्ये येथे समुद्रास मिळतो. पूर्वेस पडलेला पाऊस कडवी नदीतून वारणेत आणि वारणेतून कृष्णेत जातो, तर विशाळगड परिसरातील पाणी कासारीतून पंचगंगेत उतरते. वारणा व कृष्णा यांचा संगम सांगलीजवळ हरिपूर येथे, शिरोळ तालुक्याच्या उत्तर सीमेवर होतो. पंचगंगा व कृष्णा यांचा संगम त्याच तालुक्यातील नृसिंहवाडी येथे होतो. म्हणजे घाटमाथ्याच्या पूर्व उतारावरचे पाणी दोन्ही वाटांनी शिरोळ तालुक्यातच येते आणि तेथून शेकडो किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. एकाच पावसामुळे एकीकडे काजळीच्या काठची चांदेराई बाजारपेठ पाण्याखाली जाते आणि दुसरीकडे शिरोळमधील गावांना पुराचा वेढा पडतो. जुलै २०२१ मध्ये घाटाच्या दोन्ही बाजूंना असेच घडले.

रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पर्जन्यछायेतील शिरोळ तालुक्यात त्याचा लहानसा हिस्साच पडतो; तेथील पूर हा मुख्यतः वरच्या पाण्याचा असतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

राजापूर, दाभोळ व जयगड या बंदरांच्या तुलनेत रत्नागिरीचे महत्त्व उशिरा वाढले. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर दक्षिण कोकणचा कारभार प्रारंभी बाणकोट येथून चाले. नंतर मुख्यालय रत्नागिरीस आणले गेले आणि कचेऱ्या, तुरुंग, शाळा यांच्याभोवती शहर वाढले. १८२८ मध्ये स्थापन झालेले येथील नगर वाचनालय महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक आहे. १ मे १९८१ रोजी जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिणेकडील तालुक्यांचा सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण झाला.

शहराचा इतिहास घडवण्यात दुर्गमतेचा वाटा मोठा आहे. रेल्वे येथे १९९० च्या दशकापर्यंत नव्हती. मुंबईशी संबंध मुख्यतः आगबोटींचा होता व पावसाळ्याचे चार महिने समुद्र खवळलेला असल्याने बोटी बंद राहत. घाटरस्ता बैलगाडीने ओलांडण्यास दिवसच्या दिवस लागत. ज्यांना जगापासून दूर ठेवायचे अशा व्यक्तींसाठी ब्रिटिश सरकारला हे ठिकाण योग्य वाटले, ते याच कारणाने. थिबा राजा व विनायक दामोदर सावरकर या दोघांचेही वास्तव्य येथे सक्तीचे होते. आज पर्यटक ज्या डोंगरांसाठी व समुद्रासाठी रत्नागिरीस येतात, त्यांनीच एकेकाळी या शहराला जवळपास कारागृहाचे रूप दिले होते.

दुर्गमतेची दुसरी बाजू स्थलांतराची आहे. शेतजमीन थोडी आणि उद्योग नाहीत, यामुळे जिल्ह्यातील पुरुष पिढ्यानपिढ्या मुंबईच्या गिरण्या, गोद्या व कार्यालयांकडे गेले. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ होती व दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. महाराष्ट्रातील जिल्ह्यांत हे प्रमाण सर्वाधिक होते. गणेशोत्सव व शिमगा या सणांना परतणाऱ्या चाकरमान्यांमुळे गाड्या व रस्ते भरून जातात. बाहेरगावच्या पर्यटकाने त्या दिवसांत आरक्षण मिळेल अशी अपेक्षा न ठेवलेली बरी.

समुद्रकिनारे

मांडवी हा शहराला लागून असलेला किनारा आहे. येथील वाळू काळसर असल्याने तो ‘काळा समुद्र’ म्हणूनही ओळखला जातो. हा रंग इल्मेनाइट या लोह व टायटॅनियमयुक्त जड खनिजाच्या कणांमुळे येतो. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन नद्यांबरोबर आलेले हे कण जड असल्याने लाटांच्या चाळणीत मागे राहतात. मांडवीच्या जेट्टीवर सायंकाळी शहरवासीयांची गर्दी होते. मुंबईहून येणाऱ्या प्रवासी आगबोटी याच भागात थांबत. किनाऱ्यापासून दूर नांगरलेल्या बोटीतून उतारू पडावात उतरत आणि पडाव त्यांना धक्क्याला आणीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही सेवा बंद पडली. मुंबई व मडगाव यांदरम्यान धावणारी मांडवी एक्सप्रेस रत्नागिरीस थांबत असली तरी तिचे नाव या किनाऱ्यावरून नव्हे, तर गोव्यातील मांडवी नदीवरून पडले आहे. हा गैरसमज शहरातही आढळतो.

पांढरा समुद्र हा किनारा रत्नदुर्गाच्या उत्तरेस, मिऱ्याच्या दिशेने आहे. शंखशिंपल्यांच्या चुऱ्यामुळे व फिकट कणांमुळे येथील वाळू उजळ दिसते. काही किलोमीटरच्या अंतरात दोन वेगळ्या रंगांचे किनारे असणे हे रत्नागिरीचे वैशिष्ट्य मानले जाते. मात्र पांढऱ्या समुद्राचा वाळूचा पट्टा धुपेमुळे पुष्कळ अरुंद झाला असून जुन्या वर्णनांवर विसंबून येणाऱ्यास तेथे वाळूपेक्षा दगडी बंधाराच अधिक दिसतो.

भाट्ये हा किनारा खाडीच्या दक्षिण तीरावर असून पुलाने शहराशी जोडलेला आहे. लांब, सरळ व सुरूच्या बनाची सावली असलेला हा किनारा चालण्यासाठी उत्तम आहे. त्याच्या दक्षिण टोकाला डोंगराच्या पायथ्याशी झरी विनायकाचे मंदिर आहे. लगतच कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र असून नारळाच्या विविध जाती तेथे जोपासल्या जातात. पुलावरून खाडीकडे पाहिल्यास राजिवड्याची वस्ती, नांगरलेल्या होड्या आणि खाडीच्या मुखाशी साचलेली वाळू दिसते. या वाळूमुळे ओहोटीच्या वेळी होड्यांना ये-जा करणे अवघड जाते व मुखाशी होड्या उलटण्याच्या घटनाही घडतात.

रत्नदुर्ग

रत्नदुर्ग अथवा भगवती किल्ला हा समुद्रात शिरलेल्या डोंगरी सुळक्यावर उभा आहे. तटबंदीचा एकूण आकार घोड्याच्या नालेसारखा असून तीन बाजूंस समुद्र आहे. बालेकिल्ला, दीपगृहाचा भाग आणि पेठ किल्ला असे त्याचे तीन भाग पडतात. किल्ल्याची उभारणी बहमनी काळातील मानली जाते. पुढे तो विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला व १६७० मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी जिंकला. त्यानंतर आंग्रे व पेशवे यांच्या ताब्यात राहून १८१८ मध्ये तो इंग्रजांकडे आला.

बालेकिल्ल्यात भगवती देवीचे मंदिर असून नवरात्रात तेथे मोठा उत्सव भरतो. दीपगृह १८६७ मध्ये उभारण्यात आले. बालेकिल्ल्याच्या तटावरून एका बाजूस मिरकरवाडा बंदर व मिऱ्या डोंगर, तर दुसऱ्या बाजूस मांडवी व भाट्ये दिसते. शहराची रचना एका दृष्टिक्षेपात समजून घ्यायची असेल तर याहून चांगली जागा नाही. बालेकिल्ल्याखालच्या कड्यात लाटांनी कोरलेली गुहा असून ती भुयार म्हणून दाखवली जाते. कडे ठिसूळ असल्याने तटाबाहेर उतरणे धोक्याचे आहे.

थिबा राजवाडा

नोव्हेंबर १८८५ मध्ये तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात मंडाले पडल्यानंतर कॉनबाँग घराण्याचा अखेरचा राजा थिबा यास राणी सुपयालात व कुटुंबासह देशाबाहेर काढण्यात आले. काही काळ मद्रास येथे ठेवून एप्रिल १८८६ मध्ये त्यांना रत्नागिरीस आणले गेले. प्रारंभीची जवळपास चोवीस वर्षे हे कुटुंब सरकारी बंगल्यांत राहिले. भाट्ये खाडीकडे तोंड करून बांधलेल्या सध्याच्या राजवाड्यात ते १९१० च्या अखेरीस राहावयास गेले. थिबाचे निधन डिसेंबर १९१६ मध्ये झाले, म्हणजे ज्या वास्तूला त्याचे नाव मिळाले तेथे तो जेमतेम सहा वर्षे राहिला.

राजवाडा जांभा दगड व ब्रह्मी सागवान यांचा असून उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार खिडक्या व रुंद सज्जे ही त्याची लक्षणे आहेत. वास्तूत शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. वैभवाची अपेक्षा ठेवून येणाऱ्यांची येथे थोडी निराशा होते. दालने बहुतांशी रिकामी आहेत. मात्र ते रिकामेपण या वास्तूच्या इतिहासाशी विसंगत नाही. जवळच थिबा पॉइंट या नावाने ओळखली जाणारी जागा असून तेथून खाडी, पूल व समुद्र यांचे विस्तृत दर्शन घडते.

१९१९ मध्ये कुटुंबास ब्रह्मदेशी परतण्याची अनुमती मिळाली. थिबा व त्याची धाकटी राणी यांच्या समाध्या मात्र रत्नागिरीतच आहेत. थोरल्या राजकन्येने राजवाड्यावर नोकरीस असलेल्या स्थानिक मराठी गृहस्थाशी विवाह केला होता; ती पुढे रत्नागिरीस परत आली आणि तिचे वंशज येथीलच झाले. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी थिबाच्या समाधीस भेट दिली. अखेरचा मुघल बादशहा बहादुरशाह जफर याला ब्रिटिशांनी १८५८ मध्ये रंगूनला पाठवले होते व तेथेच त्याचा अंत झाला. एका देशाच्या अखेरच्या राजाची समाधी दुसऱ्या देशात असावी, असे हे दोन्ही बाजूंनी घडले आहे. अमिताव घोष यांची ‘द ग्लास पॅलेस’ ही कादंबरी व सुधा शाह यांचे ‘द किंग इन एक्झाइल’ हे पुस्तक यांमुळे हा इतिहास इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचला.

टिळक जन्मस्थान व पतितपावन मंदिर

लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत यांची १८६६ मध्ये पुण्यास बदली होईपर्यंत त्यांचे बालपण येथेच गेले. टिळक आळीतील हे कौलारू घर स्मारक म्हणून जतन केले आहे. घर लहान आहे. ओसरी, माजघर, अंगण व माड यांवरून एकोणिसाव्या शतकातील कोकणी मध्यमवर्गीय घराची कल्पना येते.

सावरकर यांना अंदमानहून भारतात आणल्यावर काही काळ रत्नागिरीच्या तुरुंगात ठेवले होते. ६ जानेवारी १९२४ रोजी त्यांची सुटका झाली ती जिल्ह्याबाहेर न जाण्याच्या व राजकारणात भाग न घेण्याच्या अटींवर. ही स्थानबद्धता १० मे १९३७ पर्यंत टिकली. राजकारण बंद असल्याने या काळात त्यांनी अस्पृश्यतानिवारण व सहभोजने यांवर भर दिला. भागोजीशेठ कीर यांनी स्वखर्चाने बांधलेले पतितपावन मंदिर २२ फेब्रुवारी १९३१ रोजी खुले झाले. सर्व जातींच्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश देणारे मंदिर त्या काळी नवलाचे होते. शहरातील सनातनी मंडळींचा विरोधही तीव्र होता. नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालील सत्याग्रह याच सुमारास, १९३० मध्ये, सुरू झाला होता, हे ध्यानात घेतल्यास या मंदिराचा काळ व संदर्भ अधिक स्पष्ट होतो. महात्मा गांधी व सावरकर यांची भेट १९२७ मध्ये रत्नागिरीतच झाली. तुरुंगातील सावरकरांची कोठडी स्मारक म्हणून राखलेली आहे.

मासेमारी

मिरकरवाडा हे राज्यातील प्रमुख मासेमारी बंदरांपैकी एक आहे. खारवी, भंडारी, गाबीत व दालदी मुसलमान या समाजांचा मासेमारीत जुना वाटा आहे. पहाटे व सायंकाळी होड्या लागल्यावर येथे लिलाव होतो. बांगडा, सुरमई, पापलेट, कोळंबी व म्हाकूल यांच्या राशी बर्फासह ट्रकांत चढतात आणि कोल्हापूर, सांगली, मिरजेच्या बाजारात त्यांतील बरीच मासळी घाटमार्गे पोहोचते. पर्यटकांनी बंदर पाहावे, पण लिलावाच्या वाटेत उभे राहू नये, असा येथील अलिखित नियम आहे.

पावसाळ्यात, साधारणतः १ जून ते ३१ जुलै या काळात, यांत्रिक मासेमारीस शासनाची बंदी असते. हा माशांच्या प्रजननाचा काळ असतो व समुद्रही धोकादायक असतो. नारळी पौर्णिमेच्या सुमारास होड्या पुन्हा पाण्यात जातात. बंदीच्या काळात खाणावळींत मिळणारी मासळी बहुधा खाडीची, सुकी अथवा बर्फातील असते. शहरातील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय व संग्रहालय विद्यार्थ्यांच्या सहलींत हमखास असते. तेथील देवमाशाचा सांगाडा मुलांचे विशेष आकर्षण आहे.

खाद्यपदार्थ व हापूस

हापूस आंब्याचे नाव पोर्तुगीज अधिकारी अफोंसो द अल्बुकर्क याच्या नावावरून आले आहे. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. झाडावर पिकण्यापूर्वी काढलेला आंबा गवताच्या अढीत पिकवतात. मोहोराच्या काळातील ढगाळ हवा, अवकाळी पाऊस किंवा अतिउष्णता यांवर सारा हंगाम अवलंबून असतो. पेटी घेताना ‘रत्नागिरी’ हा शिक्का पुरेसा पुरावा नसतो, कारण इतर राज्यांतील दिसायला सारखी फळे त्याच नावाने विकली जातात. बागायतदाराकडून थेट घेणे हा त्यावरचा जुना उपाय आहे.

आंबापोळी, फणसपोळी, कोकम, काजूगर, उकडीचे मोदक, घावणे व सोलकढी हे पदार्थ शहरात सर्वत्र मिळतात. तिखटाच्या बाबतीत कोल्हापूरकडील पाहुण्यांना येथील शाकाहारी जेवण सौम्य वाटते. नारळाचे प्रमाण मात्र त्यांच्या अपेक्षेपेक्षा अधिक असते.

परिसरातील स्थळे

उत्तरेकडील गणपतीपुळे हे स्वयंभू गणपतीचे स्थान शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. तेथे जाण्यासाठी आरे-वारे हा सागरी मार्ग निवडावा. डोंगराच्या कडेने जाणाऱ्या या रस्त्यावरून एका वळणावर दोन किनारे एकत्र दिसतात. गणपतीपुळ्यात ज्या टेकडीच्या पायथ्याशी मंदिर आहे ती टेकडीच देवस्वरूप मानली जात असल्याने प्रदक्षिणा टेकडीभोवती घालतात. जवळच्या मालगुंड येथे कवी केशवसुत यांचे जन्मस्थान असून कोकण मराठी साहित्य परिषदेने तेथे स्मारक उभारले आहे. दक्षिणेस पावस येथे स्वामी स्वरूपानंदांची समाधी व त्यापुढे पूर्णगड हा छोटा किल्ला आहे. गावखडीच्या किनाऱ्यावर सागरी कासवे अंडी घालण्यास येतात.

रत्नागिरी व राजापूर तालुक्यांतील सड्यांवरची कातळशिल्पे हा परिसरातील तुलनेने नवा अभ्यासविषय आहे. उघड्या जांभ्यावर प्राणी, मासे, मानव व भौमितिक आकृत्या कोरलेल्या असून त्यांतील काही अनेक मीटर लांबीच्या आहेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत कोकणातील कातळशिल्पांचा समावेश झाला. त्यांत रत्नागिरी तालुक्यातील उक्षी व जांभरूण, तसेच राजापूर तालुक्यातील कशेळी, बारसू व देवाचे गोठणे यांचा अंतर्भाव आहे. ही चित्रे जमिनीवरच असल्याने त्यांवरून नकळत चालले जाते. चिरेखाणी व बांधकामे हा त्यांना असलेला मोठा धोका आहे. कुंपण नसलेल्या सड्यावर स्थानिक माहीतगारासोबत जाणे उचित ठरते.

पोहोचण्याचे मार्ग

रस्तामार्गे शिरोळ व जयसिंगपूरकडून येणारे प्रवासी कोल्हापूर, बांबवडे, मलकापूर व आंबा या वाटेने घाट उतरून साखरपा, पाली व हातखंबा येथून शहरात येतात. हातखंबा येथे हा रस्ता मुंबई-गोवा महामार्गास छेदतो. वाटेत पन्हाळा व जोतिबा यांचे फाटे लागतात. आंबा गावातून पावनखिंड व विशाळगडाकडे जाता येते. आंबा व अणुस्कुरा या घाटांवर नजर ठेवणारा किल्ला म्हणूनच विशाळगडाचे महत्त्व होते. महामार्गाच्या रुंदीकरणात चोकाक ते अंकली या टप्प्यातील भूसंपादनाच्या मोबदल्यावरून शेतकऱ्यांनी दीर्घकाळ आंदोलन केले; शिरोळ तालुक्यातील शेतजमिनीही या टप्प्यात येतात. समुद्राकडे जाणारा रस्ता रुंद होण्याची किंमत कोणी किती मोजावी, हा त्या वादाचा गाभा होता.

अतिवृष्टीत आंबा घाटात दरडी कोसळतात व रस्ता खचतो. जुलै २०२१ मधील पडझडीनंतर हा घाट अवजड वाहनांसाठी बराच काळ बंद होता. अशा वेळी अणुस्कुरा व गगनबावडा हे पर्यायी घाट वापरले जातात. मात्र तेही पावसाळ्यात निर्धोक नसतात. राज्य परिवहन मंडळाच्या बसगाड्या कोल्हापूर, सांगली व मिरज येथून नियमित सुटतात.

कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी वाहतुकीस खुला झाला. रत्नागिरी स्थानक शहरापासून काही अंतरावर सड्यावर आहे. उक्षी व भोके यांदरम्यानचा सुमारे साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा हा या मार्गावरील सर्वांत लांब बोगदा असून दक्षिणेस पानवल नदीवरील पुलाची उंची सुमारे ६४ मीटर आहे. कोल्हापूर व कोकण यांना थेट जोडणारा रेल्वेमार्ग अस्तित्वात नाही. मिरजेहून रेल्वेने रत्नागिरीस जायचे झाल्यास गोवा अथवा मुंबईकडून मोठा वळसा पडतो, म्हणून या भागातील प्रवासी घाटमार्गच पसंत करतात.

हंगाम व समुद्राविषयीची सावधगिरी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ हवामानाच्या दृष्टीने सुखद असतो. एप्रिल-मे हे आंब्याचे महिने असले तरी उकाडा फार असतो. फाल्गुनातील शिमग्यात ग्रामदैवत श्री देव भैरीची पालखी शहरातून फिरते. पावसाळ्यात सडे हिरवे होतात, धबधबे वाहतात, पण तेव्हा समुद्र केवळ दुरून पाहण्याचा असतो.

किनाऱ्यावरील बहुतेक दुर्घटना देशावरून आलेल्या, नदीत पोहण्याची सवय असलेल्या पर्यटकांच्या बाबतीत घडतात. कृष्णा-पंचगंगेत पोहणाऱ्यास प्रवाहाची दिशा ठाऊक असते. समुद्रात परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते आणि किनाऱ्याकडून आत जाणारा अरुंद, वेगवान प्रवाह वरून शांत दिसतो. अशा प्रवाहात सापडल्यास थेट किनाऱ्याकडे झगडण्याऐवजी किनाऱ्याला समांतर पोहून त्याच्या पट्ट्याबाहेर पडावे लागते. गणपतीपुळ्याचा किनारा या दृष्टीने विशेष धोकादायक असून तेथे वारंवार बळी गेले आहेत. आरे-वारे येथेही पोहणे टाळावे.

भरती-ओहोटी दिवसातून दोनदा होते व दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पूर्ण भरतीची वेळ काढण्यासाठी तिथीची पाऊणपट करण्याची रीत किनाऱ्यावर रूढ आहे. उदाहरणार्थ अष्टमीला सहाच्या सुमारास भरती येते. ही रीत अंदाजापुरती आहे. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती मोठी असते. खडकांवर बसलेल्यांचा परतीचा मार्ग अशा भरतीत अर्ध्या-पाऊण तासात बंद होऊ शकतो.

किनाऱ्याची धूप

मिऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या जाकीमिऱ्या व परिसरातील वस्त्यांना दर पावसाळ्यात उधाणाचा तडाखा बसतो. माडांच्या रांगा, वाळू व काही ठिकाणी रस्ताही समुद्राने घेतला आहे. दगडी बंधारे वारंवार घातले गेले व वारंवार खचले. त्यानंतर मिऱ्या ते पांढरा समुद्र या पट्ट्यात काँक्रीटचे चौपायी ठोकळे वापरून मोठा धूपप्रतिबंधक बंधारा हाती घेण्यात आला. वस्ती वाचवण्यासाठी तो आवश्यक असल्याचे रहिवासी सांगतात. त्याच बंधाऱ्यामुळे वाळूवर उतरण्याच्या व होड्या ओढून ठेवण्याच्या जागा मात्र कमी झाल्या आहेत.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ हे जहाज भरकटून मिऱ्याच्या बंधाऱ्यास लागले. जहाजावरील १३ जणांची सुटका करण्यात आली. जहाज पुढे काही वर्षे तेथेच अडकून गंजत राहिले आणि ते पाहण्यासाठी व त्याची छायाचित्रे घेण्यासाठी पर्यटक मिऱ्यावर येऊ लागले. लाटांबरोबर हेलकावणाऱ्या जहाजाच्या धडका ज्या बंधाऱ्यास बसत, त्याच्या आतल्या बाजूस काही पावलांवर घरे आहेत.